लाईट कधी गेली?

आमच्या घरी ‘लाईट गेली’ याचे दोन अर्थ होते. एक सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दुसरा आजीचा. पांगरीला आजोळी गेलो की सकाळी लांबून बारीक शिट्टी ऐकू यायची आणि आजी चुलीपुढनं हाक द्यायची, “उठा रे, लाईट गेली!” आम्ही पोरं डोळे चोळत बल्बकडं बघायचो, तर तो ढळढळीत चालू. आजीची लाईट म्हणजे बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांवरून झुकझुकत जाणारी छोटी गाडी. ‘लाईट’ म्हणजे इथं दिवा नव्हे, हलकी, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजीला ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि तिचं काही अडलंही नाही.

पहिल्या अर्थाची लाईट आमच्याकडं अजून जाते-येते. दुसऱ्या अर्थाची २००८ साली कायमची गेली. तिच्यासाठी फारसं कुणी रडलं नाही, कारण ती बंद पडली नाही, रुंद झाली, म्हणजे अडीच फुटी रुळांच्या जागी मोठे रूळ आले. सासूच्या माघारी सून त्याच घरात नांदावी तसं. उंबरा तोच, चूल तीच, मग कोण कुणासाठी रडणार?

बापूमामा मात्र मनातून खट्टू होते. मामा रेल्वेत कीमन होते. गँगमधली माणसं त्याला चाबीवाला म्हणतात. खांद्यावर हातोडी, बगलेत लाल-हिरवी झेंडी, आणि रोज आपल्या वाटणीचा लाईनीचा तुकडा पायी चालून रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकायच्या. त्यांचा तुकडा पांगरी ते येडशी. गेल्या दिवाळीत ते म्हणाले, “लातूर ते मिरज सगळी लाईन एकदा बघायची हाय. गाडी न्हाई तर न्हाई, जागा तरी बघू.” मी पुण्याहून आठवड्याची रजा टाकली.

पहिला दिवस : लातूर

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. मामा पांगरीहून एसटीनं आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक काठी. सागाची, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. लांबी बरोबर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. दोन रुळांमधलं अंतर. “सरकारी न्हाई, सुताराकडनं करून घेतलेली हाय,” हे त्यांनी प्रवासात निदान आठ जणांना न विचारता सांगितलं.

लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हा पत्ता आहे. दवाखाने, क्लासेस, मेडिकल दुकानं, सगळ्यांच्या पाट्यांवर छापलेला. रिक्षावाल्याला नुसतं तेवढं सांगितलं की तो पुढं काही विचारत नाही. आमचा रिक्षावाला वीस-बावीस वर्षांचा असेल. त्यानं इथं रूळ पाहिलेले असणं शक्य नाही, पण लाईन त्याला पक्की ठाऊक. उतरल्यावर मामांनी काठी काढून रस्त्याच्या कडेला आडवी धरली आणि अंदाज घेत मागं-पुढं सरकायला लागले. दोन मिनिटांत समोरच्या दुकानातून एक गृहस्थ चप्पल न घालताच बाहेर आले. “काय मोजायलाव काका? रुंदीकरण हाय काय? अतिक्रमण काढायलेत का?” मामांनी त्यांना सांगितलं की रुंदीकरण होऊन गेलं, आता काही भीती नाही. गृहस्थांना ते कितपत कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी चहा पाजला.

लातूरला ही गाडी १९११ साली आली. तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. बार्शीत कलदार रुपया, लातुरात हाली सिक्का. आजी सांगायची, गाडी एकच पण पदरात दोन गाठी बांधून बसावं लागायचं, एकीत कलदार, एकीत हाली. गाडी आली आणि सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, गंजगोलाई उभी राहिली. मधोमध गोल इमारत आणि तिच्याभोवती सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक बाजार. लातूरचं नाव झालं ते डाळीनं, तेलबियांनी आणि अडतीनं, पण पोती बाहेर न्यायला दारात गाडी नसती तर ही अडत कुठं बसली असती, हा प्रश्न गोलाईत उभं राहून विचारण्यासारखा आहे. मी एका वयस्कर अडत्याला विचारला. तो म्हणाला, “बार्शीत बसली असती.” बार्शी-लातूरची जुनी ईर्षा एका वाक्यात.

या भागातली स्टेशनांची नावं हा स्वतंत्र विनोद आहे. नावात ‘रोड’ असेल तर ते गाव तिथं नसतं, हे पहिलं सूत्र. औसा रोडला औसा नाही, कळंब रोडला कळंब नाही, जत रोडला जत नाही. सगळ्यात बेरकी लातूर रोड. ते लातूरपासून तीसेक किलोमीटरवर, वेगळ्याच लाईनीवर, परळी-विकाराबादच्या. हैदराबादकडून येणारा नवखा पाहुणा तिथं उतरून “लातूर आलं” म्हणून सामान काढायचा आणि मग एसटी शोधत बसायचा. बार्शी लाईट लातुरात येऊन थांबायची. त्या लातूर रोडशी तिची गाठ कधी पडलीच नाही. रुंदीकरणानंतर पडली. हे चांगलं झालं, ते मामांनाही मान्य आहे. म्हणजे तसं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण मान हलवली.

दुसरा दिवस : मुरूड, ढोकी, तडवळे

हरंगुळ, मुरूड, ढोकी. एसटीच्या खिडकीतून ज्वारीच ज्वारी. मालदांडी पोटऱ्यातून बाहेर येऊन दाण्यात भरलेली, ठिकठिकाणी ‘हुरडा पार्टी’चे बोर्ड. आमच्या लहानपणी हुरड्याला बोर्ड नसायचा. ढोकीला तेरणा कारखान्याची वस्ती. इथून जवळच तेर, गोरोबाकाकांचं. कुणी तेरला प्राचीन तगर म्हणून शोधत येतं, कुणी गोरोबांच्या समाधीला. आम्ही दोन्हीसाठी गेलो नाही, हे पुढं मला लागून राहिलं. मामांना घाई होती.

घाई तडवळ्याची. कसबे तडवळे हे कळंब रोड स्टेशनचं गाव. बार्शीहून लाईन वाढवत आणली ती १९०७ मध्ये इथवर, आणि पुढची चार वर्षं हेच शेवटचं स्टेशन होतं. पण मामांचं कारण वेगळं. पारावर बसलेल्या एका आजोबांना त्यांनी रामराम घातला, त्यांनी जयभीम घेतला, आणि मग दोघं अर्धा तास बोलत राहिले.

१९४१ च्या फेब्रुवारीत इथं महार-मांग वतनदार परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गाव निजामाच्या मुलखातलं. वतन म्हणजे काय, तर गावकीची पिढीजात कामं, बारा महिने चोवीस तास राबणूक आणि बदल्यात जमिनीचा तुकडा. तो तुकडा गळ्यातला फास आहे हे सांगायला बाबासाहेब मुंबईहून एवढ्या आडगावात आले. “ह्याच गाडीनं आले,” आजोबा म्हणाले. “माझा बाप ठेसनावर होता. म्हणायचा, गाडी एवढीशी आन् माणूस केवढा!” बैलगाडीतून मिरवणूक निघाली, शाळेच्या इमारतीत मुक्काम झाला, ती शाळा लोक अजून दाखवतात. आजोबांचा जन्म त्यानंतरचा. पण गाडी कोणत्या बाजूनं आली, कुठं थांबली, बाबासाहेब कोणत्या पायानं खाली उतरले इथपर्यंत त्यांनी सांगितलं. मी पायाबद्दल शंका काढणार होतो. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी गप्प बसलो.

संध्याकाळी येडशी. मुक्काम मामांच्या जुन्या गँगमधल्या एकाकडं. त्यांचं नाव इथं नको, पण त्यांच्या घरच्या हुलग्याच्या माडग्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. रात्री दोघं म्हातारे मला घाबरवण्याच्या ईर्षेनं घाटातल्या बिबट्यांच्या गोष्टी सांगत बसले. प्रत्येक गोष्टीत बिबट्या आधीच्या गोष्टीपेक्षा हातभर लांब.

तिसरा दिवस : रामलिंगचा घाट

या प्रवासात बघायचं असं जे होतं ते खरं इथंच.

नवी लाईन टाकताना धाराशिव शहराला रेल्वे मिळावी म्हणून मार्ग वळवला. जुनी गाडी धाराशिवला शिवतच नव्हती. बार्शीकडून पांगरी, मग रामलिंगचा घाट आणि वर येडशी. जिल्ह्याच्या गावाला जायचं तर येडशीला उतरून पुढं मोटार. नवी लाईन धाराशिवहून फिरून येडशीत येते. म्हणजे बाकी बहुतेक ठिकाणी नव्या रुळांखाली जुनी लाईन गाडली गेली, पण घाटातली तशीच उघडी राहिली, टाकून दिलेली. मामांचा तुकडा नेमका हा. सून नांदायला आली पण या एका खोलीत ती आलीच नाही.

सकाळी सातला निघालो. रामलिंगचं देऊळ दरीत आहे, झाडीत. आता हे सगळं अभयारण्य. मोर, माकडं, पावसाळ्यात धबधबा. इथली कथा अशी : रावण सीतेला घेऊन निघाला तेव्हा जटायूनं त्याला इथं अडवलं, पंख छाटून तो इथंच पडला. राम आले, जटायूला पाणी हवं होतं, रामानं बाण मारून पाणी काढलं. देवळाच्या आवारात जटायूचं स्मारक आहे. जवळच येरमाळ्याची येडेश्वरी, तिचीही कथा याच वाटेवरची. राम सीतेच्या शोधात भटकत असताना पार्वती सीतेचं रूप घेऊन पुढ्यात आली. रामानं ओळखलं, म्हणाला, तू वेडी आहेस. म्हणून येडाई. आमच्या आजीच्या मते देवाला ओळखू येतं, माणसाला येत नाही, म्हणून माणसानं लग्न बघून करावं. हा अर्थ कुठल्या पोथीत सापडणार नाही.

जुन्या लाईनीवर चढायला मामांना वाट विचारावी लागली नाही. घाणेरी आणि बोरीच्या जाळीतून ते सरळ वर गेले आणि एका जागी थांबले. मला काही दिसेना. नीट बघितल्यावर दिसलं, झाडी आहे पण तिच्यातून एक पट्टा डोंगराला बिलगून वळत गेलाय, सारख्या चढाचा. गवताखाली पाय टाकला की खडी करकरते. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत. मोऱ्या आहेत, घडीव दगडाच्या, छोट्या, चुन्यात बसवलेल्या. एका मोरीच्या कठड्यावर मामांनी काठी ठेवली आणि बसले.

मग बोलायला लागले. दोन दिवसांत बोलले नव्हते एवढं एका तासात.

वाफेचं इंजिन, पाठीमागं भरलेले डबे, आणि हा चढ. पावसाळ्यात किंवा पानगळीत रुळांवर ओला पाला पडला की चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, गाडी पुढं सरकायची नाही. इंजिनात वाळूची पेटी असते, तिच्यातून चाकापुढं वाळू सोडायची. तेवढ्यानं भागलं नाही की गँगवाल्यांनी बादली घेऊन पुढं पळायचं आणि रुळांवर हातानं वाळू पेरायची. “बियाणं पेरल्यावाणी. दोन्ही हातांनी, दोन्ही रुळांवर. माझ्या बापानं चाड्यावर मूठ धरली, मी रुळावर.” प्रवासी खाली उतरून चालायला लागायचे. काही जण चालत चालत गाडीच्या पुढं जाऊन वर विडी ओढत गाडीची वाट बघत बसायचे.

बार्शी लाईटबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध विनोद म्हणजे चालत्या गाडीतून उतरून हरभऱ्याचा डहाळा उपटायचा आणि मागच्या डब्यात चढायचं. मिरजेपासून लातूरपर्यंत ज्याला विचाराल तो हे आपल्या सख्ख्या चुलत्यानं केलं म्हणून सांगतो. मी मामांना विचारलं, खरं का हो? मामा गंभीर झाले. “सपाटीवर शक्य न्हाई. सपाटीवर गाडी चांगली पळायची. लोकांनी उगं बदनाम केली.” थोडं थांबून म्हणाले, “घाटात शक्य होतं. पन घाटात हरभरा कुठला?” म्हणजे सव्वाशे वर्षांच्या विनोदाचा निकाल एका कीमननं त्या मोरीवर बसून लावला. तुम्हाला पटो न पटो.

आणखी एक सांगितलं. श्रावणात सोमवारी रामलिंगला जत्रेसारखी गर्दी. एका सोमवारी धुवाँधार पाऊस, दरीतून लोंढा, आणि मामा झेंडी घेऊन लाईनीवर एकटे. एका मोरीशेजारची खडी वाहून रूळ अधांतरी राहिलेला दिसला. समोरून गाडी. लाल झेंडी पावसात दिसेना म्हणून त्यांनी डोक्यावरचं लाल पागोटं सोडून दोन्ही हातांनी धरलं. गाडी थांबली. “कोण विचारलं न्हाई पुन्हा, की पागोटं कुठं गेलं. भिजून रंग उतरला, तुझी मामी चिडली.” ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली नव्हती. पहिल्यांदाच ऐकली.

उतरताना मी मोबाईलमध्ये काठीचा आणि मोरीचा फोटो काढला. परत बघितला तर काठी गवतात दिसतच नाही.

दुपारी पांगरी. आजोळच्या घराला कुलूप, आजीची चूल पावसानं खचलेली. इथलं काही लिहीत नाही.

चौथा दिवस : बार्शी, कुर्डुवाडी

बार्शी म्हणजे बारस. पंढरपुरात एकादशी करायची आणि इथं भगवंताच्या पायाशी द्वादशी सोडायची, म्हणून बारशी. अंबरीष राजाचं द्वादशीचं व्रत, ते मोडायला आलेला दुर्वास आणि भक्तासाठी धावून आलेला विष्णू. भगवंत या नावानं विष्णूचं असं देऊळ मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. तेव्हा पंढरपूर आणि बार्शी या दोन गावांना जोडायचं काम वारकऱ्यांच्या उपासानं आधीच केलेलं होतं. साहेब नंतर आला.

साहेबाचं नाव एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८८२ मध्ये तो जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. मुंबई-सोलापूर लाईन तेव्हा झालेलीच होती, पण ती बार्शीला वीस-बावीस मैल लांबून टाळून गेलेली. बार्शीचा कापूस बैलगाड्यांच्या रांगांनी त्या स्टेशनापर्यंत जायचा. त्या स्टेशनाचं नाव, वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणं, बार्शी रोड. म्हणजे आजची कुर्डुवाडी. या रांगा बघून कॅल्थ्रॉपच्या डोक्यात गाडी आली. १८८७ मध्ये त्यानं पाहणी केली, १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली, मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली.

त्याची अक्कल कुठं होती, हे मला मामांनी काठीनं मातीत रेघा ओढून दाखवलं. छोट्या गाड्या तोवर गरिबांची सोय म्हणून कशातरी बांधत. कॅल्थ्रॉपनं ठरवलं, इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. वजन जास्त असेल तर चाकं वाढवा. त्यामुळं लीड्सच्या किट्सन कंपनीनं केलेली पहिली इंजिनं बुटकी पण भरपूर चाकांची, गोमेसारखी. भार वाटला गेल्यावर रूळ हलके चालतात. सुरुवातीचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आसपास. आजच्या मोठ्या लाईनीवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. रूळ हलका म्हणजे पूल स्वस्त, भराव स्वस्त, सगळंच स्वस्त. नावातली ‘लाईट’ ती ही. गबाळी म्हणून नव्हे, हिशेबानं हलकी.

याच माणसानं पुढं इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाईन उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिथल्या इंजिनांच्या कपाळावरही हिंदुस्थानी पद्धतीचा भला थोरला दिवा. आपल्याकडची वरात तिकडच्या दरीत. ती लाईन १९३४ मध्ये बंद पडली आणि रूळ काढून तिथं लोकांना चालायला वाट केली. रामलिंगच्या घाटात अशी वाट कुणाला सुचली तर मामा पहिले चालतील. कॅल्थ्रॉप नंतर विमानातून उडी मारायच्या छत्र्यांच्या मागं लागला. १९२७ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी त्याची गाडी मिरजेला पोचली. तोवर तिची लांबी २०२ मैल झाली होती.

दुपारच्या गाडीनं कुर्डुवाडी. आमच्या आयुष्यातला बराच काळ या प्लॅटफॉर्मवर गेलाय. छोटी गाडी इकडं लागायची, मुंबईची मोठी तिकडं, आणि मध्ये आम्ही ट्रंका घेऊन धावतोय. माणसं धावायची, पोती मात्र हमालांच्या पाठीवरून जायची. छोट्या डब्यातून काढायची, मोठ्या डब्यात भरायची. दर पोत्याला दुप्पट हमाली, दर पोत्यातून चार दाणे सांडलेले, दर खेपेला एक दिवस गेलेला. ट्रक दारातून माल उचलायला लागल्यावर हे कोण सोसणार? गाडीला मारलं ते तिच्या वेगानं नाही, या कुर्डुवाडीच्या पन्नास पावलांनी, असं माझं मत. मामांचं मत वेगळं. “१९५४ ला कंपनी जाऊन सरकार आलं, तवाच कळाय पायजे होतं.” पण सरकार आलं म्हणून तर मामांना पेन्शन आहे. ते मी बोललो नाही.

छोट्या गाडीसाठी उभारलेलं वर्कशॉप कुर्डुवाडीत अजून आहे. रविवार होता, आम्ही बाहेरून भिंतीच्या कडेनं चाललो. आतून काही आवाज नव्हता. मामा तरी कान लावून चालत होते.

पाचवा दिवस : लऊळ, पंढरपूर

लऊळ कुर्डुवाडीहून जवळ. इथं कूर्मदासांची समाधी. पैठणचे कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत. पोटावर सरपटत पंढरीला निघाले. लऊळपर्यंत आले आणि एकादशी तोंडावर आली, पुढं जाणं होईना. वारकऱ्यांच्या हाती विठ्ठलाला निरोप धाडला, मला येता येत नाही, तू ये. आणि तो आला. समाधीपुढं मामा बराच वेळ बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “गाडी असती तर देव कशाला आला असता?” हे त्यांनी गाडीच्या बाजूनं म्हटलं की विरुद्ध, मला अजून ठरवता येत नाही.

कुर्डुवाडी-पंढरपूर छोटी लाईन १९०६ ची, मोडनिंबावरून. रुंद झाली तीही सगळ्यांच्या आधी. आषाढीला मामांची ड्युटी इकडं लागायची. डब्यात माणसं, दारात माणसं, छपरावर माणसं, टाळ-मृदंग छपरावर. त्यांचं काम भीमेच्या पुलाअलीकडं उभं राहून छपरावरच्यांना खाली वाकायला ओरडणं. “चार दिस घसा बसायचा. मी वारी केली ती अशी, ‘खाली बसा माउली, खाली बसा माउली’ करीत.”

दर्शनाला रांग मोठी होती, आम्ही कळसाला हात जोडले. रात्री जिथं उतरलो तिथं गरम पाणी मिळेल असं सांगितलं होतं, सकाळी बंब थंडगार. मामांनी चंद्रभागेत आंघोळ केली. जानेवारीत. मी केली नाही.

सहावा दिवस : मिरज, आणि परत

सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ. डाळिंबांच्या बागा संपल्या की द्राक्षं सुरू होतात, मग बेदाण्याची शेडं. या पट्ट्यात मामांच्या ओळखीचं कुणी नव्हतं, ते एसटीत झोपले. मिरज स्टेशनात एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते, मोठे, मीटरचे आणि आमचे. रेल्वेवेड्या लोकांना मिरज त्यासाठी आठवतं. मला आठवतं ते २०१६.

त्या एप्रिलमध्ये लातूर कोरडं ठक्क पडलं होतं. कोट्याहून धुऊन आणलेल्या टँकरच्या वाघिणी मिरजेत भरल्या, आणि पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. ३४२ किलोमीटर. टीव्हीवर नकाशा दाखवला तेव्हा आई म्हणाली होती, “ही तर आपली लाईट!” मामा मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर म्हणाले, “छोट्या गाडीला जमलं नसतं एवढं पानी.” सहा दिवसांत मोठ्या गाडीबद्दल त्यांनी काढलेलं हे एकच चांगलं वाक्य.

परतीला नागपूरकडं जाणारी एक्स्प्रेस धरली. सहा दिवस लावून बघितलेली लाईन एका दिवसात उलटी उलगडत गेली. मामा काठी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. सांगोला, पंढरपूर, मोडनिंब, प्रत्येक नाव स्टेशन यायच्या आधी सांगत होते. बार्शी सोडली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. पांगरी मागं पडताना त्यांनी कपाळ काचेला टेकवलं, आणि तसेच झोपले.

गाडी थांबल्यावर धक्क्यानं जागे झाले. बाहेर उजेड, गर्दी, चहावाले.

“घाट झाला व्हय रं?”

“मामा, ह्या गाडीला रामलिंगचा घाट नाही लागत. धाराशिव आलंय.”

त्यांनी बाहेर डोकावून पाटी वाचली. काठी उचलून परत धोतरात गुंडाळली.

“हे आपल्या लाईनीवर न्हाई,” म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.